सार्वजनिक जीवनात करुणेची जागा नेमकी कुठे असते?

पायवाट (धागाकर्ता)

समाजात दयाळूपणा हवा, याविषयी कुणाचे दुमत नसते आणि या विषयाची खरी अडचण तीच आहे. ज्या गोष्टीला सगळेच मान डोलावतात तिच्यावर पुढे चर्चा होत नाही. भाषणात एक वाक्य आणि भिंतीवर एक सुविचार एवढ्यावर विषय आटोपतो. मला थोडा वेगळा मुद्दा मांडायचा आहे. अनोळखी माणसाशी आपण निष्ठुरपणे वागतो तेव्हा त्यामागे दुष्टपणा क्वचितच असतो. बहुतेकदा आपल्याला घाई असते, किंवा मदत केल्यास आपल्यावरच बालंट येईल अशी धास्ती असते, किंवा 'दुसरे कुणीतरी बघेल' अशी समजूत असते. हे खरे असेल तर उपदेशाने फारसे साधणार नाही. ही घाई, धास्ती आणि समजूत कुठून येते आणि ती कमी कशी करता येईल, हे पाहणे अधिक उपयोगाचे ठरेल.

घाईबद्दलचा एक जुना प्रयोग काहींना ठाऊक असेल. जॉन डार्ली आणि डॅनियल बॅटसन या मानसशास्त्रज्ञांनी प्रिन्स्टन येथे धर्मोपदेशकाचे शिक्षण घेणाऱ्या ४० विद्यार्थ्यांवर तो केला आणि १९७३ मध्ये प्रसिद्ध केला. प्रत्येकाला दुसऱ्या इमारतीत जाऊन एक छोटे भाषण द्यायचे होते. काहींना विषय दिला होता तो बायबलमधल्या चांगल्या शोमरोन्याचा, म्हणजे वाटेत जखमी पडलेल्या परक्याला मदत करणाऱ्या माणसाचाच. जाण्याच्या वाटेवर एका दाराशी एक जण मान खाली घालून खोकत, कण्हत बसवलेला होता. ज्यांच्याजवळ वेळ होता त्यांच्यापैकी ६३ टक्के विद्यार्थी त्याच्यासाठी थांबले, थोडी घाई असलेल्यांपैकी ४५ टक्के थांबले, आणि 'तुम्हाला उशीर झाला आहे' असे सांगून पिटाळलेल्यांपैकी अवघे १० टक्के. भाषणाचा विषय कोणता होता याने लक्षणीय फरक पडला नाही. शोमरोन्यावर बोलायला निघालेले काही जण तर त्या माणसाला अक्षरशः ओलांडून गेले. नमुना लहान होता हे मान्य करूनही मला या निष्कर्षाचे मोल वाटते, कारण रोजच्या व्यवहारात आपण जे पाहतो त्याच्याशी तो जुळतो.

'दुसरे कुणीतरी बघेल' या समजुतीबद्दल डार्ली आणि बिब लाटाने यांचा १९६८ मधला प्रयोग आहे. शेजारच्या खोलीत कुणाला तरी झटका आल्याचे ऐकू येत असताना, ऐकणारे आपण एकटेच आहोत असे ज्यांना वाटत होते त्यांच्यापैकी ८५ टक्के लोकांनी धावपळ केली. आणखी चौघे ऐकत आहेत असे ज्यांना वाटत होते त्यांच्यापैकी केवळ ३१ टक्के लोकांनी ती केली.

राहिली धास्ती. तिच्यावर कायदा काम करू शकतो, आणि वेगवेगळ्या देशांनी ते वेगवेगळ्या बाजूंनी केले आहे. जर्मनीच्या दंडसंहितेत कलम ३२३(क) नुसार, स्वतःला मोठा धोका नसताना संकटातल्या माणसाला मदत न करणे हा गुन्हा आहे, आणि फ्रान्समध्येही तशी तरतूद आहे. भारताने उलट्या टोकाकडून सुरुवात केली. अपघातग्रस्ताला रुग्णालयात पोहोचवणाऱ्याच्या मागे चौकशीचा ससेमिरा लागू नये म्हणून सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये मार्गदर्शक सूचनांना बळ दिले, आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४(अ) आले, ज्यायोगे सद्भावनेने मदत करणाऱ्याला दिवाणी व फौजदारी दायित्वापासून संरक्षण मिळाले. मला ही दुसरी वाट अधिक समजूतदार वाटते, कारण ती माणसाच्या मनात मदतीची इच्छा आहे असे गृहीत धरते आणि तिच्या वाटेतला अडथळा काढते. तुम्हाला काय वाटते?

टाचणी

धागा आवडला, परंतु एक दुरुस्ती सुचवते. बघ्यांच्या उदासीनतेचा हा सगळा अभ्यास १९६४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये झालेल्या एका खुनाच्या बातमीवरून सुरू झाला होता. ३८ साक्षीदार बघत राहिले आणि कुणीही काही केले नाही, असे त्या बातमीत म्हटले होते. ती बातमी बरीच फुगवलेली होती, हे पुढे पुरेसे स्पष्ट झाले आहे. रिचर्ड फिलपॉट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लँकेस्टर, ॲमस्टरडॅम आणि केप टाऊन या शहरांतील रस्त्यावरच्या भांडणांची २१९ सीसीटीव्ही चित्रणे तपासली, तेव्हा दहापैकी नऊ घटनांमध्ये निदान एक बघ्या तरी मध्ये पडलेला दिसला. आसपास माणसे जास्त असतील तर कुणीतरी मदतीला येण्याची शक्यताही वाढत होती.

त्याचप्रमाणे २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेला पाकिटांचा अभ्यास पाहावा. ४० देशांतील ३५५ शहरांमध्ये मिळून १७,००० हून अधिक 'हरवलेली' पाकिटे वेगवेगळ्या संस्थांच्या स्वागतकक्षात देण्यात आली. रिकाम्या पाकिटांपैकी सुमारे ४० टक्के पाकिटांच्या मालकांशी संपर्क साधला गेला, तर पैसे असलेल्या पाकिटांच्या बाबतीत हे प्रमाण सुमारे ५१ टक्के होते. सर्वसामान्य लोकांचा अंदाज याच्या नेमका उलट होता, आणि अर्थतज्ज्ञांनाही हा निकाल ओळखता आला नव्हता. माणसे वाईट आहेत असे धरून नियम रचले की चांगल्या माणसांनाही संशयिताची वागणूक मिळते, असे माझे मत आहे.

दौत_टाक

मी आयुष्यभर सरकारी कार्यालयात खिडकीच्या आतल्या बाजूला बसलो, त्यामुळे पायवाट यांनी 'धास्ती' हा जो मुद्दा काढला आहे त्याविषयी थोडे सविस्तर लिहितो.

अर्जदाराला खिडकीबाहेरून जे दिसते ते असे: आतला माणूस मान वर न करता कागद परत सरकवतो. आतून काय दिसते तेही सांगतो. आमच्या खिडकीची झडप इतकी खाली होती की उभ्या माणसाचा चेहरा आम्हाला दिसतच नसे. दिसायचा तो कागद धरलेला हात आणि शर्टाची दोन बटणे. समोरच्याला बोलायचे तर कमरेत वाकून, मान तिरकी करून त्या फटीशी तोंड आणावे लागे, आणि वाकलेला माणूस काय सांगत आहे हे पाठीमागच्या रांगेच्या गलक्यात अर्धेच कळे. ज्याचा चेहराच दिसत नाही त्याच्याविषयी कणव वाटावी ही अपेक्षा जरा जास्त आहे. ती रचना कुणी मुद्दाम केली असेल असे मला वाटत नाही, कदाचित रोकड मोजण्याच्या खिडकीचा नमुना सगळीकडे उचलला गेला असेल. पुढे काच काढून तेथे बसक्या उंचीचे टेबल आले आणि पलीकडे खुर्ची ठेवली गेली, तेव्हा त्याच त्या कर्मचाऱ्यांची भाषा बदललेली मी पाहिली. त्यासाठी कुणाला प्रशिक्षणाला पाठवले नव्हते.

आता धास्तीविषयी. समजा, निवृत्तिवेतनासाठी अर्ज करणाऱ्या एका बाईच्या दिवंगत पतीचे नाव एका दाखल्यात पूर्ण आहे आणि दुसऱ्यात आद्याक्षरांनी आहे. माणूस तोच आहे हे मला समोर दिसत आहे, बाईंनाही ते ठाऊक आहे, माझ्या साहेबांनाही ठाऊक आहे. मी अर्ज मंजुरीला पाठवला आणि उद्या लेखापरीक्षणात आक्षेप निघाला, तर खुलासा माझ्याकडे मागितला जाईल, वसुलीही माझ्या पगारातून होऊ शकेल. मी अर्ज परत केला तर मला कुणीही काहीही विचारणार नाही. चुकीच्या होकाराची नोंद होते. चुकीच्या नकाराची नोंद कोणत्याही नोंदवहीत होत नाही, कारण तो भोगणारा माणूस निमूटपणे घरी जातो. वर्षानुवर्षे असे चालले की मवाळ माणूससुद्धा आधी नाही म्हणायला शिकतो. याला तुम्ही निष्ठुरपणा म्हणा, माझी हरकत नाही, पण त्याचे मूळ माझ्या स्वभावात शोधू नका.

तळटीप

दौत_टाक यांनी जे लिहिले आहे त्याचे राष्ट्रीय पातळीवरचे उदाहरण नेदरलँड्समध्ये घडले आहे. तेथे पाळणाघराच्या खर्चासाठी पालकांना सरकारी भत्ता मिळतो. गैरव्यवहार रोखायचा म्हणून करखात्याने इतकी कडक भूमिका घेतली की अर्जात एखादी सही राहिली किंवा पालकाने स्वतःच्या वाट्याची किरकोळ रक्कम भरल्याचा पुरावा दिला नाही, तरी संपूर्ण वर्षाचा भत्ता परत मागितला जाई. हजारो कुटुंबांवर फसवणुकीचा ठपका आला आणि अनेकांच्या डोक्यावर मोठे कर्ज बसले. संसार मोडले, नोकऱ्या गेल्या. दुहेरी नागरिकत्व असलेल्यांवर संशयाची नजर अधिक होती, हेही पुढे उघड झाले. संसदीय समितीचा अहवाल डिसेंबर २०२० मध्ये आला आणि १५ जानेवारी २०२१ रोजी मार्क रुटे यांच्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला.

माझ्या दृष्टीने यातली सर्वांत बोचणारी बाब अशी की एवढ्या वर्षांत ही प्रकरणे न्यायालयांपुढे गेली होती, आणि कायद्याचा अर्थ 'सगळे किंवा काहीच नाही' असाच आहे असे न्यायालयांनीही २०१९ पर्यंत मानले होते. म्हणजे कारकून, त्याचा वरिष्ठ, खाते, संसद आणि न्यायाधीश यांपैकी प्रत्येक जण आपापल्या जागी नियमाप्रमाणे वागत होता. 'ही शिक्षा या चुकीच्या मानाने फार मोठी आहे' असे म्हणण्याचे काम मात्र कुणाकडेच नेमून दिलेले नव्हते.

सडेतोड

सगळे वाचले. माझा आक्षेप मुळातच आहे. करुणा ही नेहमी वरून खाली वाहते. ज्याच्या हातात काही आहे तो ज्याच्या हातात काही नाही त्याच्यावर ती करतो, आणि बदल्यात कृतज्ञतेची अपेक्षा ठेवतो. दौत_टाक यांच्या उदाहरणातल्या बाईंना करुणा नको होती, त्यांना त्यांच्या हक्काचे निवृत्तिवेतन हवे होते. डॉ. आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बंधुतेचा आग्रह धरला, कारण तिच्याविना समता आणि स्वातंत्र्य हे वरवरच्या रंगासारखे उरतील, असे त्यांचे म्हणणे होते. बंधुतेत दोन्ही माणसे एकाच पातळीवर उभी असतात. दयेत तसे नसते.

दुसरे असे की करुणेच्या भाषेत अन्याय झाकलाही जातो. दक्षिण आफ्रिकेत वर्णद्वेषी राजवटीतल्या अत्याचारांच्या चौकशीसाठी आर्चबिशप डेस्मंड टुटू यांच्या अध्यक्षतेखाली सत्य आणि सलोखा आयोग बसला. १९९६ पासून हजारो पीडितांनी त्याच्यापुढे आपली कहाणी सांगितली, आणि जगाने त्यांच्या क्षमाशीलतेचे कौतुक केले. संपूर्ण सत्य सांगणाऱ्या गुन्हेगारांना अभय मिळण्याची सोय होती. पीडितांना मात्र २००३ मध्ये एकरकमी ३०,००० रँड जाहीर झाले, तेही आयोगाने सुचवलेल्या रकमेपेक्षा बरेच कमी होते. मन मोठे करण्याची जबाबदारी कायम सोसणाऱ्यावरच का टाकली जाते, याचे उत्तर या धाग्यावर कुणी द्यावे.

रात्रपाळी

सडेतोड, तुमचा मुद्दा हक्काच्या बाबतीत पटतो, परंतु रुग्णशय्येपाशी तो अपुरा पडतो. मी परिचारिका आहे. उपचार हा रुग्णाचा हक्क आहे आणि तो त्याला मिळतो. पण पहाटे तीन वाजता जाग्या असलेल्या, भ्यालेल्या माणसाला सलाईनची गती बघता बघता उभ्याउभ्या उत्तर देणे आणि स्टूल ओढून दोन मिनिटे त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर बसणे, यांतला फरक कोणत्याही हक्काच्या यादीत लिहिता येत नाही. उभ्याने मी विचारते, 'दुखतंय का?' आणि तो म्हणतो, 'नाही.' बसले की तोच माणूस थोड्या वेळाने म्हणतो, 'सिस्टर, संध्याकाळपासून डावा पाय जड झाला आहे.' ही माहिती डॉक्टरांना हवी असते. म्हणजे इथे आपुलकी हा उपचारावरचा अलंकार नसतो, ती तपासणीचाच भाग असते.

उलट बाजूही आहे. इस्रायलमध्ये नवजात अतिदक्षता विभागांतील २४ पथकांवर झालेला एक अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. अकाली जन्मलेल्या बाळाची प्रकृती ढासळत असल्याचा सराव प्रसंग सर्वांना दिला होता. काही पथकांना बाहेरून आलेल्या 'तज्ज्ञा'ने आधी खोचक, अपमानकारक शेरे ऐकवले, बाकीच्यांशी तो साधेपणाने बोलला. अपमान झालेल्या पथकांचे निदानही कमी प्रतीचे ठरले आणि प्रत्यक्ष कामही, कारण माणसे एकमेकांना माहिती देणे आणि मदत मागणे कमी करतात. वरिष्ठ खेकसले की कनिष्ठ शंका बोलून दाखवत नाही, हे आम्हा सर्वांना अनुभवाने ठाऊक आहेच.

दुसऱ्याचे दुःख पाहून पाहून मन बधिर होते, ही तक्रारही खरी आहे. याबाबतीत टानिया सिंगर आणि ओल्गा क्लिमेकी यांच्या संशोधनाने मला दिलासा दिला. दुसऱ्याची वेदना स्वतःच्या अंगावर घेण्याच्या सरावाने त्रास वाढतो, आणि त्याचे भले व्हावे या भावनेचा सराव केला तर मन उलट सावरते, असे त्यांना आढळले. मात्र दोघींचे काम एकीवर टाकले की कुठलाच सराव उपयोगी पडत नाही, हे मी माझ्या पदरचे सांगते.

पायवाट

सडेतोड, तुम्ही दोन वेगळे प्रश्न विचारले आहेत.

क्षमेविषयी मी तुमच्याशी पूर्ण सहमत आहे. सोसणाऱ्याने क्षमा करावी की करू नये, हे त्याचे त्याने ठरवावे. शासनाचे काम भरपाई देण्याचे आहे, आणि ती टाळून सलोख्याचे गोडवे गाणे ही लबाडी आहे.

हक्क आणि करुणा यांच्या नात्याविषयी मात्र माझे मत निराळे आहे. बरेचसे हक्क आधी कुणाच्या तरी मनातल्या कणवेच्या रूपात जन्माला आले. २४ जून १८५९ रोजी उत्तर इटलीत सोल्फेरिनोची लढाई झाली. जिनिव्हाचा हेन्री ड्युनंट हा व्यापारी स्वतःच्या धंद्याच्या कामासाठी त्या भागात गेला होता. जखमींना पाणी द्यायलाही कुणी नव्हते. जवळच्या कास्तिल्योने गावातील बायका 'सगळे भाऊच आहेत' असे म्हणत दोन्ही बाजूंच्या सैनिकांची शुश्रूषा करू लागल्या, आणि ड्युनंट त्यांच्याबरोबर राबला. अशी कणव त्याआधीच्या लढायांतही कुणाला तरी वाटली असेलच. ड्युनंटचे वेगळेपण असे की त्याने घरी परतल्यावर विचारले: हे पुढच्या लढाईत कुणाच्या मर्जीवर का सोडायचे? त्यातून १८६३ मध्ये रेडक्रॉसची समिती उभी राहिली आणि ऑगस्ट १८६४ मध्ये १२ राष्ट्रांनी पहिल्या जिनिव्हा करारावर सह्या केल्या. शत्रूपक्षाच्या जखमीलाही उपचार मिळणे हे त्यानंतर कर्तव्य ठरले. १९०१ चे पहिले शांतता नोबेल ड्युनंटला विभागून मिळाले ते यासाठीच. तेव्हा करुणा ही हक्काची प्रतिस्पर्धी आहे असे मला वाटत नाही. हक्क कुठे अपुरा पडतो हे आधी तिच्याच लक्षात येते.

चष्मा

पण करुणेच्या लक्षात येते ते डोळ्यांसमोर असलेल्यांपुरतेच. सप्टेंबर २०१५ मध्ये समुद्रकिनारी पालथ्या पडलेल्या चिमुकल्या सीरियन मुलाचे छायाचित्र जगभर पोहोचले. स्वीडनमध्ये रेडक्रॉसच्या सीरियन निर्वासित निधीकडे येणाऱ्या देणग्या त्या आठवड्यात कित्येक पटींनी वाढल्या, आणि काही आठवड्यांतच ओघ ओसरला. युद्ध त्याआधीही चालू होते आणि नंतरही. मानसशास्त्रज्ञ पॉल स्लोव्हिक यांनी या विषयावर बरेच काम केले आहे. एका चेहऱ्यासाठी आपण खिशात हात घालतो, आणि आकडा मोठा झाला की मन थंड पडते. लोकांच्या कळवळ्यावर धोरण चालवायचे तर ज्यांचे छायाचित्र निघाले नाही त्यांनी काय करावे?

सडेतोड

चष्मा यांच्या मुद्द्याला माझी पुस्ती. कळवळा दिसणाऱ्यापुरता असतो, आणि त्यातही आपल्यासारख्या दिसणाऱ्यापुरता. साहेबांना कणव आली म्हणून एखाद्याचे काम झाले, हे ऐकायला छान वाटते. पण साहेबांना कणव कुणाची येते? त्यांच्या भाषेत बोलणाऱ्याची, त्यांच्या नात्यागोत्यातल्याची. बाकीचे लोक त्याला वशिला म्हणतात. अधिकाऱ्याच्या हाती सवलत देण्याची मुभा वाढवा असे या धाग्याचे सांगणे असेल, तर माझा त्याला विरोध आहे.

दौत_टाक

सडेतोड यांचा हा आक्षेप मला धाग्यातला सर्वांत वजनदार वाटतो, आणि त्यावर माझ्या पाहण्यात आलेला एकच उपाय आहे. सूट द्यायची असेल तर ती तोंडी द्यायची नाही, फाइलवर कारण लिहून द्यायची. 'अर्जदार महिला असहाय आहे, सबब मंजूर' असे लिहिले तर तो वशिलाच झाला. 'मृत्यूच्या दाखल्यात पूर्ण नाव व सेवापुस्तकात आद्याक्षरे आहेत, जन्मतारीख, वडिलांचे नाव व पत्ता जुळतो, सबब एकच व्यक्ती असल्याचे मान्य' असे लिहिले, तर उद्या दुसऱ्या भाषेत बोलणारा, कुणाच्याही नात्यात नसलेला माणूस तशीच अडचण घेऊन आला की त्याला तीच टिपणी दाखवून तोच निर्णय द्यावा लागतो. पहिल्या प्रकरणात ज्याने ते लिहिले त्याच्या मनात कणव असेल. तिसऱ्या प्रकरणापासून तिची गरज उरत नाही.

याच्या जोडीला नकारही लेखी हवा. कोणता कागद कमी आहे आणि तो कुठे मिळेल हे सगळे एकाच वेळी सांगितलेले असावे, आणि खाली नकार देणाऱ्याचे पदनाम असावे. वरिष्ठांनी दर महिन्याला मंजुऱ्यांबरोबर थोडे नकारही उघडून तपासावेत. लेखापरीक्षक आजवर फक्त पहिला गठ्ठा मागत आले. दुसरा गठ्ठा मागायला लागले की पहिल्या आठवड्यात कुरकुर होईल, माणसे कमी आहेत असे सांगितले जाईल, आणि रात्रपाळी म्हणतात तसे ते खरेही असेल. त्यामुळे आधी जागा भरा, मग गठ्ठा मागा.